छत्री नेली

१

शुक्रवारी भर दुपारी कळंबोलीच्या लोखंड बाजारात असा लख्ख उजेड पडला, की एप्रिलच्या उन्हातही ट्रकवाल्यांना स्वतःची दुसरी सावली दिसली. उजेड आला तो बद्रुद्दीन मुकादमांच्या भंगाराच्या वखारीतून. लोक धावत पोचले तेव्हा पत्र्याची शेड पेटलेली होती आणि राखणदार गणू फाटकापाशी पडला होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते, डोळे घट्ट मिटलेले होते आणि तो एकच वाक्य पुटपुटत होता.

"छत्री नेली... छत्री नेली."

हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्याची शुद्ध हरपली. आग विझल्यावर भंगाराच्या ढिगाआड पोलिसांना एक तोफगोळा मिळाला. हाताहून लांब, मांडीएवढा जाड, पुढे निमुळता आणि बुडाशी उघडा. मग काय विचारता! संध्याकाळच्या बातम्यांत कळंबोलीत बॉम्बस्फोट झाला, रात्रीच्या बातम्यांत त्याला परदेशी हात मिळाला आणि त्याच्या आतच पोलिसांनी बद्रुद्दीनच्या मुलाला, आदिलला, घरून उचललं.

आदिलवर संशय घ्यायला कारणं होती. आखाती देशात आठ वर्षं काढून तो सहा महिन्यांपूर्वी परतला होता आणि तिकडची सवय म्हणून कडक उन्हात लांब दांड्याची काळी छत्री घेऊन हिंडायचा. बाजारात त्याचं नावच छत्रीवाला पडलं होतं. गणू 'छत्री नेली' म्हणतो आणि त्याच दिवसापासून आदिलची छत्री गायब. ती लाँचवर विसरली, असं तो म्हणाला. कुठल्या लाँचवर? तर उरणजवळच्या मोऱ्याच्या. मोऱ्याला फुप्पीकडे, म्हणजे आत्याकडे गेलो होतो म्हणाला. फुप्पी पोलिसांना म्हणाली, "आला होता, दारात सलाम करून गेला. कुठं गेला मला नाय ठाऊक." मग आदिल गप्प बसला, तो बसलाच.

२

सुमती वर्तक यांचा कुणावरही विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, वजनकाट्यावर नाही, डॉक्टरवर तर नाहीच. नवीन पनवेलच्या त्यांच्या सोसायटीत त्यांना सगळे वचकून असतात, आणि त्याचं बाईंना बरं वाटतं. यात त्यांचा दोष नाही. दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात तपासणी अधिकारी म्हणून त्यांची उभी हयात गेली. समोर आलेला प्रत्येक गोळा सदोष आहे असं धरून चालायचं आणि त्याने स्वतःला निर्दोष सिद्ध करायचं, ही तिथली शिस्त. निवृत्तीनंतर गोळे संपले, शिस्त राहिली.

इन्स्पेक्टर सत्यजीत मोकल त्यांच्या मैत्रिणीचा मुलगा. शनिवारी सकाळी तो दारात उभा राहिला तेव्हाच बाईंनी ओळखलं, की हा काही चहाला आलेला नाही. बॉम्बशोधक पथकाने आता यात काही जिवंत उरलेलं नाही एवढं सांगून गोळा ताब्यात दिला होता आणि प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ होता. तोवर सत्यजीतच्या हाती एकच जाणकार मत होतं, अवधूत देवस्थळींचं. बंदरात उतरणाऱ्या परदेशी भंगारात काही घातक नाही ना, हे तपासून दाखला देणाऱ्या कंपनीचे ते अधिकारी. बद्रुद्दीनकडचा माल त्यांनीच तपासलेला. त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, की हा स्फोटक गोळा आहे, माझ्या तपासलेल्या मालात तो नव्हता, म्हणजे कोणीतरी बाहेरून आणून ठेवला आणि उघडताना तो फुटला.

"वरून दबाव आहे, मावशी," सत्यजीत म्हणाला. "आज-उद्या केस दुसऱ्या खात्याकडे जाईल. एकदा गेली की त्या पोराचं पुढं काय होईल, मला सांगता येत नाही."

बाईंनी चपला घातल्या.

वखारीत पोचल्यावर त्या गोळ्याकडे गेल्याच नाहीत. आधी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे पाहिलं. टपरीवर काचेच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या, एकीलाही तडा नव्हता. मग त्या शेडमध्ये शिरल्या. कोपऱ्यात गणूची चूल होती, म्हणजे दोन विटा आणि तिसऱ्या विटेच्या जागी काँक्रीट पांढरंफटक भाजून खपल्या निघालेलं. वर चहाचं पातेलं वितळून गोळा झालं होतं. बाई तिथे बराच वेळ उकिडव्या बसल्या.

शेवटी त्यांनी गोळा पाहिला. त्याच्या कमरेला तांब्याची पट्टी होती, तिच्यावरून बोट फिरवलं. आत हात घालून कवचाची जाडी चाचपली, बुडाच्या कडा पाहिल्या.

"तुझे देवस्थळी थापा मारतायत, किंवा त्यांना काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "दोन्हीपैकी काय, ते शोधायला हवं."

सत्यजीतला काही उमगेना. बाईंनी त्याला स्वयंपाकघरातलं उदाहरण दिलं. तोफगोळा म्हणजे डबा. डब्याला घाबरण्याआधी आत काय भरलंय ते विचारावं. एका जातीत दारू ठासलेली असते. तो पडला की डबाच फुटतो, जाड कवचाच्या चिरफाळ्या उडतात आणि त्या माणसं मारतात. तसा गोळा इथे फुटला असता तर टपरी, बरण्या आणि गणू यातलं काहीच उरलं नसतं. दुसऱ्या जातीतला गोळा नुसता हमाल. तो ठरल्या जागी आभाळात पोचला की बुडाचं झाकण सुटतं, पोटातला माल मागून बाहेर पडतो आणि कवच अख्खं खाली येतं. माल कसला? कधी धूर, कधी उजेड, कधी शत्रूच्या सैनिकांनी वाचावी म्हणून छापील पत्रकंसुद्धा. हे कवच पातळ आणि अख्खं होतं, बुडाला आटे होते. तांब्याच्या पट्टीवर तोफेच्या नळीचे चरे नव्हते, म्हणजे गोळा कधी उडालेलाच नव्हता आणि वखारीत आला तेव्हा माल पोटात होता.

"आणि तो उजेडाचा होता," सत्यजीत म्हणाला. तो बुद्धीने चांगला होता, फक्त घाईत असायचा.

"उजेडाचा. रात्री शत्रूच्या डोक्यावर दिवा टांगायला वापरतात. दिव्याचा डबा इथे जळला, चुलीपाशी. पण गोळा सापडला पार तिकडे, ढिगाआड. म्हणजे कोणीतरी आधी सावकाश झाकण काढलं, माल बाहेर घेतला आणि तो निघून गेल्यावर आग लागली." बाई थांबल्या. "शिवाय या डब्यातला एक जिन्नस कमी आहे. जळला असता तरी त्याचं लोखंड मागे उरलं असतं. ते नाही."

"कुठला जिन्नस?"

बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "ते मी तुला आत्ता सांगणार नाही. तू कॉन्स्टेबलला सांगशील आणि तो बाजारभर करील."

सत्यजीतला राग आला, पण बाईंचा सगळ्यांवर सारखाच अविश्वास असतो हे लहानपणापासून माहीत असल्यामुळे तो गिळता आला.

३

पोलीस ठाण्याच्या पायरीवर बद्रुद्दीन जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. डबा आत पोचवायला कुणी तयार नव्हतं आणि घरी परत न्यायला ते तयार नव्हते. सत्तरीच्या आसपासचा माणूस, गेल्या पावसाळ्यात हृदयाचं मोठं दुखणं झालेलं. त्याच दुखण्यासाठी आदिल तिकडची नोकरी सोडून आला होता. बापाने आनंदाच्या भरात गेल्याच महिन्यात वखारीवर नवी पाटी चढवली, बद्रुद्दीन अँड सन.

"माझ्या पोराने माशी मारली नाही, बाई," ते म्हणाले. "वखार गेली तरी चालेल. अल्लाने मला तो परत दिला, आता असा नेऊ नये."

जुम्म्याच्या नमाजासाठी वखार दर शुक्रवारी दुपारभर बंद असते, तिथे एकटा गणू असतो, हे साऱ्या बाजाराला पाठ होतं. स्वतः बद्रुद्दीन मशिदीत होते आणि शंभर माणसांनी त्यांना पाहिलं होतं. आदिल मात्र त्या शुक्रवारी मशिदीत दिसला नव्हता.

आत आदिल भिंतीला टेकून बसला होता. तिशी उलटलेला, शांत, थोडा पोक काढून बसणारा. बाईंनी विचारलं त्याला 'हो' आणि 'नाही' यापलीकडे त्याने उत्तर दिलं नाही. उकाड्याने त्याने बाह्या वर सारल्या होत्या. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचा छोटासा गोल तुकडा अजून होता. सत्यजीतनेही तो पाहिला होता आणि हा नशेची सुई टोचतो की काय, अशी नोंद मनात केली होती.

बाईंनी सत्यजीतला पाणी आणायला पिटाळलं.

"रक्त कुठे दिलंस?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

आदिलचा चेहरा उतरला. मग तो खाली बघत बोलू लागला. वखारीत त्याचा जीव रमत नव्हता. तिकडे त्याला जुन्या मालकाने परत बोलावलं होतं. शुक्रवारी मोऱ्याहून लाँचने तो मुंबईला गेला, व्हिसाची वैद्यकीय तपासणी करून परतला आणि येताना छत्री लाँचवर राहिली. पनवेलहून गाडीने गेला असता तर ओळखीचं कुणीतरी भेटलंच असतं आणि बातमी अब्बांपर्यंत गेली असती.

"हे पोलिसांना सांग ना, मग! तपासणी केंद्रात तुझं नाव असेल."

"सांगून काय होईल, मॅडम? इकडे वखारीत गोळा आणि तिकडे मी देश सोडायच्या तयारीत. लोक काय जोडतील?" तो थांबला. "आणि अब्बांनी ती पाटी लावलीय. मी पाया पडतो तुमच्या, त्यांना सांगू नका."

बाई बाहेर आल्या त्या चिडूनच. पोरगा म्हणत होता ते खरं होतं. हा पुरावा त्याला सोडवेल तेवढाच अडकवेलही. त्याला सोडवायचं तर तो कुठे होता हे सांगून भागणार नव्हतं, वखारीत दुसरं कोण होतं तेच दाखवावं लागणार होतं.

४

शेजारच्या वखारीचा मालक निकेश शहा. त्याचा आणि बद्रुद्दीनचा हद्दीवरून जुना तंटा होता. मुकादमांची जागा मिळाली तर निकेशला दुप्पट मोठं फाटक करता आलं असतं. पोलिसांना फोनही त्यानेच केला होता, इतका लगेच, की सत्यजीतच्या डोळ्यांत ते खुपत होतं.

निकेशने बाईंना खुर्ची दिली, थंड मागवलं आणि भडाभडा बोलू लागला. केवढा मोठा स्फोट! कानठळ्या बसल्या! आपण तर पहिल्यापासून सांगत होतो, की या लोकांच्या मालावर नजर ठेवा. एवढ्या उकाड्यात त्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट होता आणि बोलताना उजवा हात खिशातून बाहेर येत नव्हता.

बाईंनी पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली आपली जड पिशवी त्याच्यापुढे धरली, "जरा धरता का?" माणूस सवयीने उजवा हातच पुढे करतो. निकेशने केला, पिशवी पकडली आणि कळवळून सोडून दिली. तळहाताला पट्टी होती, मनगटावर फोड आले होते.

सत्यजीत एकदम उठला. आग लागली तेव्हा निकेश तिथे होता तर! बाईंनी त्याला हाताने बसवलं.

"निकेशभाई, आता खरं सांगा. स्फोट ऐकलात?"

निकेशने बाहेरच्या माणसांकडे पाहिलं, दार लोटलं आणि मग खुर्चीत बसकण मारली. "आवाज नाही झाला," तो म्हणाला. "फुस्स झालं नुसतं, आणि उजेड. सगळे स्फोट म्हणायला लागले, मग मीपण म्हटलं. गणू आत ओरडत होता, त्याला मी ओढून काढला."

हे लपवायचं कशाला, असं सत्यजीतने विचारलं तेव्हा निकेशला बोलायला जड गेलं. मधल्या कुंपणाची तार त्याने स्वतःच कापून ठेवली होती, महिन्याला हातभर जागा आपल्याकडे सरकवण्यासाठी. गणूपर्यंत तो त्याच भगदाडातून पोचला होता. माणूस वाचवला हे सांगायचं तर भगदाडही सांगावं लागलं असतं.

बाईंना त्याही परिस्थितीत हसू आलं. पण ते वखारीच्या बाहेर पडेपर्यंतच टिकलं. संशयितांच्या यादीतला सगळ्यात सोयीचा माणूस गळाला होता आणि आदिल अजून आतच होता.

५

रविवारी बाई अवधूत देवस्थळींच्या घरी गेल्या. एकट्याच. देवस्थळी बाहेर गेले होते. त्यांची बायको चारुता घरी होती. बोलकी, नीटनेटकी, शाळेत शिकवणारी मुलगी. सुमती वर्तक कारखान्यात अधिकारी होत्या हे कळल्यावर तिने त्यांना सोडलंच नाही. अवधूतही फार हुशार, पण कंपनीत कदर नाही. यंदा त्यांना बढती मिळायची आहे, नवीन फ्लॅटचे हप्ते सुरू झालेत, आणि नेमकं आत्ताच हे भंगाराचं झेंगट. त्यांच्या तपासणीत एवढीशी चूक निघाली तरी नोकरीच जाते हो, काकू.

"पण त्यांच्या मालात तो गोळा नव्हताच ना?" बाईंनी विचारलं.

"छे! त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

वर गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या उलटायच्या राहिल्या होत्या. चारुताने बाईंना वर नेलं. कावळ्यांपासून राखण म्हणून कुरडयांवर एक पांढरं, तलम, सुरेख कापड ताणून बांधलं होतं. बाईंनी कापडाचं कौतुक केलं. चारुता खुलली. नवऱ्याने ऑफिसातून आणलंय म्हणे. गोल कापायचं खूळ कुणाचं कोण जाणे, मधोमध चक्क भोक ठेवलेलं, तिथे तिने ठिगळ लावलं. कडेने नाड्या मात्र झकास शिवलेल्या, बांधायला सोप्या पडल्या.

"कधी आणलं हे?"

"परवाच की. शुक्रवारी." चारुताने कापडाची एक नाडी सोडून पुन्हा बांधली. "ते म्हणाले फेकून दे, पण एवढं चांगलं कापड कोण टाकतं, काकू?"

बाईंनी एक ओली कुरडई तोंडात टाकली. समोर ही पोर हसत उभी होती आणि उद्या तिच्या घराचं काय होणार ते बाईंना दिसत होतं. त्यांना तिची फार दया आली. मग त्यांना पायरीवरचे बद्रुद्दीन आठवले आणि त्या जिना उतरल्या.

खाली दारात अवधूत देवस्थळी नुकतेच येऊन उभे होते. बाईंच्या खांद्यावरून त्यांनी आधी गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं आणि मग नमस्कार केला.

६

सोमवारी सकाळी सत्यजीतने बद्रुद्दीन, निकेश आणि देवस्थळी या तिघांना वखारीत बोलावलं. कशासाठी हे त्यालाही पुरतं माहीत नव्हतं. बाईंनी एवढंच बजावलं होतं, की मी बोलेन तेव्हा तू गोळ्याकडे बघू नकोस, माणसांकडे बघ.

"तुम्हाला एक सांगायचंय," बाई म्हणाल्या. "छत्री सापडली. आणि तिच्यावर नंबर आहे."

बद्रुद्दीन गोंधळले. आदिलच्या छत्रीवर कसला नंबर? त्याच्या आईने आत त्याचं नाव शिवलं होतं, नंबर नव्हे. नंबर असला तर ती छत्री माझ्या पोराची नाही, असं ते आशेने म्हणाले. निकेश म्हणाला की नंबर गाडीला असतो, छत्रीला कसला आलाय.

देवस्थळींच्या चेहऱ्यावर आधी भीती दिसली आणि लगेच ती जाऊन जाणकाराची तुच्छता आली. दुसऱ्याचं चुकलेलं त्यांना कधी सहन व्हायचं नाही.

"काहीतरीच काय, मॅडम. छत्रीच्या कापडावर नंबर नसतो. तो बाहेर कवचावर रंगवलेला असतो."

बोलून झाल्यावर त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणाला काही कळलेलं नव्हतं. फक्त बाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"असतो की नसतो, तो वाद वेगळा," बाई म्हणाल्या. "या दोघांना छत्री म्हटल्यावर पावसाळ्यातली छत्री आठवली. सगळ्या पनवेलला तीच आठवली, सत्यजीतलासुद्धा. तुम्हाला एकट्याला गोळ्यातली आठवली."

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. उजेडाच्या गोळ्यातला दिवा आभाळातून धाडकन पडून चालत नाही, तो तरंगत खाली यायला हवा. म्हणून त्याच डब्यात घडी करून हवाई छत्री ठासलेली असते. पांढरी, गोल, मधोमध भोक, कडेने दोऱ्या आणि दिवा टांगायला लोखंडी कडी. कमी असलेला जिन्नस तो. गणूने आयुष्यात पॅराशूट पाहिलेलं नाही, पण बघितल्यावर त्याला जे वाटलं तेच तो बोलला. छत्री नेली. शुद्ध जाता जाता बिचाऱ्याने खरा चोर सांगितला होता आणि आपण सगळे आदिलची काळी छत्री शोधत बसलो.

"तुम्ही स्फोटक गोळा म्हणालात, देवस्थळी. स्फोटक गोळ्यात छत्री असते का?"

देवस्थळी फाटकाकडे बघू लागले.

"नसते. आणि हा उजेडाचा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, तर तुम्ही खोटं का बोललात? कारण स्फोट झाला म्हटल्यावर छत्री कोणी शोधत नाही. आणि गोळा तुमच्या तपासलेल्या मालातूनच आला का, हे कोणी विचारत नाही. ती छत्री आत्ता तुमच्या गच्चीवर कुरडयांवर बांधलेली आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिली."

सत्यजीतने फोन उचलला. देवस्थळींनी त्याला थांबवलं. घरी पोलीस पाठवू नका, चारुताला यातलं काही ठाऊक नाही, असं ते म्हणाले आणि भंगाराच्या एका पिंपावर बसले. गोळा गुरुवारी गणूला सापडला, त्याने तो तपासणीवाले साहेब म्हणून त्यांनाच दाखवला. कळवलं असतं तर आधी त्यांचाच दाखला खोटा ठरला असता. यात दारू नाही, नुसता दिवा आहे, हे त्यांनी ओळखलं. शुक्रवारी नमाजाच्या वेळी येऊन झाकण काढलं. लष्करी दिसेल अशी एकच वस्तू आत होती, ती छत्री, म्हणून ती नेली. कवच दुसऱ्या दिवशी पाइप म्हणून कापायला टाकणार होते. दिव्याचा डबा भंगारात भिरकावला.

"आणि गणूच्या चुलीला तिसरी वीट नव्हती," बाई म्हणाल्या. "त्याने तो डबा उचलून तिथे लावला आणि चहा ठेवला."

"मला काय माहीत तो असं करेल?"

"ते नसेल माहीत. पण आदिल आत आहे हे तर माहीत होतं ना?" बाईंचा आवाज चढला आणि त्यांनी तो आवरला नाही. "तीन दिवस माहीत होतं. त्या पोराचा जन्म जाईल आणि तुमची बढती होईल, एवढा हिशेब करून तुम्ही घरी जेवत होतात. मला तुमची लाज वाटते."

देवस्थळींना घेऊन जीप निघाली तेव्हा हॉस्पिटलमधून सत्यजीतला फोन आला. गणूला शुद्ध आली होती. डोळे वाचले होते. त्याने पहिलाच प्रश्न नर्सला विचारला होता, "मी चाय ठेवलीती, दुसरं कोन भाजलं नाय ना?"

७

दुपारी आदिलला सोडलं. ठाण्याच्या फाटकाबाहेर बद्रुद्दीनने त्याला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. मग ते बोलत सुटले. निकेशने कुंपण स्वतःच्या खर्चाने बांधून द्यायचं कबूल केलंय. शेड नवीन घालू, पक्की. उद्यापासून गल्ल्यावर तू बस, मी नुसता खुर्ची टाकून बघत बसेन. आता मला कसली काळजी नाही बेटा, इन्शाल्ला.

थोडं अलीकडे उभ्या असलेल्या सत्यजीतने बाईंना हळूच विचारलं, "पण मावशी, शुक्रवारी हा होता कुठे?"

"आता तुला त्याची गरज आहे?"

सत्यजीतने विचार केला. गरज नव्हती. पण माहीत करून घ्यावंसं त्याला वाटत होतं, म्हणून बाईंनी त्याला काहीच सांगितलं नाही.

आदिलने बापाच्या खांद्यावरून बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान वळवली. इथून पुढची त्यांची तपासणी नव्हती. बोलायचं की नाही ते त्याने ठरवायचं होतं, आणि गप्प बसला असता तर बाईंनी त्याला दोषही दिला नसता.

"अब्बा," आदिल म्हणाला, "शुक्रवारी मी मुंबईला होतो. मेडिकलला. तिकडून परत बोलावलंय मला."

बद्रुद्दीन बोलायचे थांबले. समोरून लोखंडी पट्ट्यांचा ट्रेलर खडखडत गेला. मग त्यांनी मुलाच्या शर्टाची कॉलर उगाचच नीट केली. मग हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"पास झालास?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. फोन यांच्याकडे होता."

"मग बघ ना."

आदिलने नुकताच परत मिळालेला फोन सुरू केला. निरोप शनिवारीच येऊन पडला होता. त्याने तो दोनदा वाचला, आणि बापाकडे न बघता सांगितलं, की तब्येत चांगली आहे, फिट लिहिलंय.

"अलहम्दुलिल्लाह," बद्रुद्दीन म्हणाले. पोराची तब्येत चांगली आहे म्हटल्यावर बापाने दुसरं काय म्हणायचं असतं. मग ते ठाण्याच्या पायरीवर जाऊन बसले, आणि आदिल त्यांच्या शेजारी बसला.